अर्धी माजी, अर्धी तुजी

—नाही नाही फादर, दारात नको, आत या, शेजारी कान लावून असतात—बसा. पंखा लावते. देवेश जेटीवर गेलाय, होडीचं इंजिन बिघडलंय त्याचं. आणि तन्वी मागीलदारी, पांढरा फ्रॉक उतरवायला तयार नाही, आज पहिलं कम्युनियन ना—मासळीच्या हातांनी शिवू नको म्हणते मला! मलाच! काय म्हणालात? पवित्र भाकर? खाल्ली की. तुम्हीच तिच्या तळहातावर ठेवलीत, तिने तोंडात घातली, मी बघितलं ना—शेवटच्या बाकावरून सगळं दिसतं... सिस्टरांनी बघितलं? मूठ?

हळू बोला फादर. ती ऐकेल.

बरं. अर्धी खाल्ली. अर्धी मोडून मुठीत धरली. पण खेळ म्हणून नाही हो, टवाळी म्हणून तर नाहीच—स्कूटरवर मागे बसली तर मला एकाच हाताने धरलेलं, मी ओरडले, पडशील गो, नीट धर—तर म्हणते, "ह्या हातात देव आसा." मी समजले, पोरीचं काहीतरी बोलणं. बिस्किट असो, खाजं असो, तिचं असंच—अर्धी माजी, अर्धी तुजी. आमच्या घरात तीच रीत. तुमच्या धर्मशिक्षणात अर्ध्याचं काय करायचं ते शिकवलेलं नाही ना, मग?

माझ्यासाठी कशाला? काय विचारता फादर! तुम्ही वसईहून आलात त्याला वर्ष नाही झालं, पण माझं तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगितलं असणार—फिलोमिनाने हिंदूशी लग्न केलं, तेही कचेरीत. देवेशचे वडील चर्चला तयार नव्हते, माझी आई देवळाला—मग कचेरी. तेव्हापासून मी रविवारच्या मिस्साला येते आणि कम्युनियनची रांग लागली की बसून राहते—चर्चबाहेर लग्न केलेल्यांना ती भाकर नाही ना. त्याचं काही नाही, सवय झाली—नाही, सवय नाही झाली. पोर विचारायची, "आई, देव तुका कित्याक बोलवणा नाय?" काय सांगणार? म्हटलं, माझं पोट भरलेलं असतं गो.

आणि आज इथे, चुलीपुढे, मूठ उघडली. आत ती अर्धी, घामाने ओली झालेली, एवढीशी. म्हणते, "तू खोटा बोललंस. तू दर आयतवारी मिस्सापयली चायसुद्धा पिणस नाय. तुजा पोट रिकामाच आसता."

हे देवेशलासुद्धा माहीत नाही, फादर. कुणालाच नाही. दर रविवारी मी भाकर घेणाऱ्यांसारखी उपाशी येते—न जाणो, कधीतरी कुणी बोलावलं तर... हसू येतं ना? एवढी मोठी बाई. लहान पोर दारात ताट घेऊन बसावं तशी.

तुम्हाला ती अर्धी परत हवी? म्हणून डबी आणलीत? नाही हो माझ्याकडे. ती टाचा उंचावून उभी राहिली, तुमच्यासारखा आवाज काढून म्हणाली, "ख्रिस्तशरीर." मी गुडघ्यांवर आले. आमेन म्हटलं. मोठ्याने म्हटलं. आणि मग रडले—कालवण लागलं तळाला, तरी उठले नाही. पाप असेल तर माझं लिहा. तिला वर्गातून काढू नका, तिला एवढंच कळलंय की देव सगळ्यांचा बाप आणि आई उपाशी.

नको, हाक नका मारू तिला—झालं, आलीच. तन्वी, आत जा. जा म्हणते ना! ...काय गो? ...फादर, ती विचारतेय, "पुढच्या आयतवारी आईक तुमी देतल्यात, की परत मीच मुठीत धरून हाडूची?"

सांगा ना. माझ्याकडे नका बघू, तिला सांगा. लहान आहे, ती थांबेल उत्तरासाठी—

उठलात? मग या, फादर. डबी राहिली बघा तुमची. घेऊन जा ती.