सतरावं पान

मर्ल : ते ‘दूरदृष्टी’ खोड आधी.

रॉस : मर्लमावशी, शताब्दीची पुस्तिका पाचच्या आत छापखान्यात जायला हवी. आणि वाक्यात काय वाईट आहे? ‘१९७४ साली नगरसेवक क्लेम टकवेल यांच्या दूरदृष्टीमुळे यॅरोबिनचे वाचनालय बंद होता होता वाचले.’ माझे वडील म्हणून नाही लिहिलं. खरंच आहे ते.

मर्ल : बंद करायचा ठराव कोणी मांडला होता?

रॉस : बाबांनीच.

मर्ल : आणि विरोधात मत कोणी दिलं?

रॉस : तेही बाबांनीच. फेरविचार केला त्यांनी.

मर्ल : फेरविचार म्हणे. एक्केचाळीस वर्षं वाचनालयाच्या या टेबलामागे बसलेय मी, मला नको शिकवूस. ती दारातली खोकी कसली रे?

रॉस : रद्दी. नर्स आणि डॉक्टरांच्या प्रेमकथा, त्रेसष्ट. दहा वर्षांत एकाही माणसाने नेलेल्या नाहीत. नगरपालिकेच्या नियमात बसतं ते. चार वाजता ट्रक येतोय.

मर्ल : मग ट्रक यायच्या आत त्यातलं एक काढ. कुठलंही. सतरावं पान उघड.

रॉस : कशाला?

मर्ल : उघड म्हणते ना.

रॉस : पेन्सिलीने गिरवून ठेवलंय. मासा, चांदणी, ही सुरी असावी. वाचनालयाच्या पुस्तकात, मावशी, आणि तुम्ही चालवून घेतलंत?

मर्ल : माणसाला काय काय आठवणार? पुस्तक वाचून संपलं की सतराव्या पानावर आपली खूण करायची. पुन्हा तेच हातात आलं तर पान बघायचं आणि मुकाट्याने परत ठेवायचं. सगळं गाव करायचं. मासा म्हणजे पोस्टातली ग्वेन. चांदणी पाद्र्याच्या बायकोची. आणखी काढ.

रॉस : इथेही सुरी आहे. याच्यात पण. यात तर दोन सुऱ्या आहेत.

मर्ल : ते आवडलं होतं त्याला.

रॉस : कोणाला?

मर्ल : गावात मटणाची दुकानं किती होती?

रॉस : एकच. आमचं. छे, काहीतरीच काय? बाबा पेपरातलं घोड्यांच्या शर्यतीचं पान सोडून काही वाचत नव्हते. मी पुस्तक घेऊन बसलो की म्हणायचे, ऊठ, जा, लाकडं फोड.

मर्ल : ठरावाच्या दोन दिवस आधी कपाटं मोजायला आला होता क्लेम. हा कचरा वाचतं तरी कोण, म्हणत एक उघडलं आणि शिडीवरच टेकला. मी दिवे घालवले तेव्हा उठला, पुस्तक एप्रनखाली लपवून. मग दर गुरुवारी मागच्या दाराने यायचा. मटणाच्या कागदात गुंडाळलेलं पुस्तक, आणि वर दोन चॉप.

रॉस : ते चॉप त्यासाठी होते? मावशी, गाव भलतंच बोलायचं.

मर्ल : काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. तुझी आई चौदा वर्षं माझ्याशी बोलली नाही. चर्चमध्ये माझ्या केकच्या शेजारी स्वतःचा केक ठेवायची नाही.

रॉस : मग सांगून मोकळं व्हायचं ना.

मर्ल : शब्द दिला होता क्लेमला. आणि कोण काय वाचतं ते मी कधीच कोणाला सांगितलं नाही. आज जीव तुटला म्हणून सांगितलं. ती पुस्तकं गेली तर उद्या मी मेल्यावर तुझा बाप मागच्या दाराने कशाला यायचा, ते गाव म्हणेल तेच खरं ठरेल.

रॉस : या शेवटच्या पुस्तकातली सुरी वेगळी दिसतेय. उलटी आहे. रेघही कापरी.

मर्ल : ती त्याची नाही. तो गेला तेव्हा त्या पुस्तकाची अकरा पानं राहिली होती. दुकानाच्या शीतखोलीत तुझ्या आईला ते सापडलं, कागदात गुंडाळलेलं. घेऊन आली. तू बसलायस तिथेच उभी होती. म्हणाली, मर्ल, राहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं. कबरीपाशी बसून, मोठ्याने. शेवटी ती नर्स त्या मूर्ख डॉक्टरलाच हो म्हणाली. मग माझी पेन्सिल मागितली.

रॉस : आईने काढली सुरी.

मर्ल : उलटी काढली. मी तशीच राहू दिली.

रॉस : राग गेला तिचा?

मर्ल : गेला. केक शेजारी यायला लागला. चॉप मात्र गेले ते गेलेच.

(रॉस फोन लावतो.)

रॉस : टकवेल बोलतोय. ट्रक नको पाठवू. नाही, रद्दी नव्हती ती. चूक माझीच. हो, नियम मला माहीत आहे, मीच केलाय. ठेव आता.

मर्ल : खोकी उचलायला माझी कंबर चालायची नाही हं.

रॉस : मी लावतो परत. पण मावशी, पुस्तिकेत घालू काय? साडेतीन झाले.

मर्ल : लिही. १९७४ साली नगरसेवक क्लेम टकवेल यांचं एक पुस्तक अर्धं राहिलं होतं, म्हणून हे वाचनालय चालू राहिलं.

रॉस : आणि कुठलं पुस्तक, असं कोणी विचारलं तर?

मर्ल : इथे ते सांगत नाहीत, म्हणावं.