गाव जाळणाऱ्याचं लहानपण

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई औषधाचे थेंब घालून डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी बाप-लेक होते. बापाचेही डोळे मिटलेले, म्हणून मुलगी त्याला मोबाइलवरच्या ॲनिमे मालिकेची, म्हणजे जपानी कार्टूनची, गोष्ट सांगत होती.

“मग त्यानं अख्खं गाव जाळलं.”

“आणि हाच तुझा लाडका?”

“हो.”

“नायक सोडून खलनायकाचं कौतुक. डोकं फिरलंय तुझं.”

“तो चुकलाच, बाबा. पण त्याचं लहानपण बघितल्यावर त्याला नुसतं वाईट म्हणवत नाही.”

“गाव जाळणाऱ्याला कसलं आलंय लहानपण?”

“दादाबद्दलही असंच म्हणालात, त्याला घराबाहेर काढताना.”

“बापावर हात उचलला त्यानं.”

“उचलला. चूकच केली. पण त्याआधी इतकी वर्षं तुम्ही त्याच्यावर उचलत होतात, तेही मी पाहिलंय.”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. रविवारी मी त्याच्याकडे जेवायला जाणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय.”

शिंपीणबाईंनी श्वास रोखला. बापानं गालावर ओघळलेलं औषध रुमालानं पुसलं.

“चष्मा लागलाय म्हणे त्याला.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”