नाडी नसलेला माणूस

नाही हो, ते नाही, ते माझ्या शिलाई मशीनचं पेडल आहे — तुमचा चार्जर तो, खिडकीखाली, पांढरा. हां, तोच. बॅटऱ्या वरच्या फळीवर आहेत, सगळ्या भरलेल्या. माणूस गेल्यावर कोणासाठी भरायच्या, कळतं मला — पण हाताला सवय लागलीय. उठलं की आधी बॅटऱ्या, मग दात घासायचे. बसा ना, उभे का? कंपनीनं सामान न्यायला पाठवलंय ना, मग न्या, माझी काही ना नाही. तुमच्या ऑफिसातल्या मुलीनं फोनवर विचारलं, ह्यांच्या छातीतल्या पंपाबद्दल काही तक्रार आहे का, मी म्हटलं छे, पंप उत्तम होता. उत्तमच होता. शेवटपर्यंत फिरत होता, मग संध्याकाळी डॉक्टरांनी बंद केला. झालं. यात तक्रार काय करायची?

तुम्ही नुसतं सामानच नेता की पंप बसवलेला माणूस कधी पाहिलाय? — नाही? मग काय पाहिलंत! आमच्या ह्यांना विचारायला हवं होतं, सोडलं नसतं तुम्हाला. हे लिफ्ट दुरुस्त करायचे, सगळा जन्म त्यातच गेला, कुठल्याही बिल्डिंगमध्ये पाहुणे म्हणून गेलो तरी आधी लिफ्टचा आवाज ऐकणार आणि मग आत जाऊन माणसांना नमस्कार. हृदय पार ढिलं पडलं तेव्हा सर्जन समजावत होते — आत एवढासा पंप बसवायचा, मुठीत मावेल असा, त्याची वायर पोटातून बाहेर, कमरेला डबी, डबीला दोन बॅटऱ्या — मी वायर शब्दालाच अडकले, आणि हे उठून बसले. ज्या माणसाला कूस बदलताना धाप लागत होती तो उठून बसला! विचारतात काय, बेअरिंग कुठलं? सर्जन हसले. म्हणाले, बेअरिंगच नाही, आतला पंखा चुंबकावर तरंगतो, कशालाच टेकत नाही. तेल नाही, घर्षण नाही. हे माझ्याकडे बघून म्हणाले, ऐकलंस? टेकत नाही! जसं काही मीच बनवलाय. त्याच क्षणी ठरलं, मला कोण विचारतंय.

आणि नाडी नाही. हे माहितीये का तुम्हाला? तो पंप धडधडत नाही, नुसता फिरत राहतो, नळाचं पाणी वाहतं तसं रक्त वाहत राहतं. मनगट धरलं तर काही लागत नाही. ह्यांना त्याची केवढी मजा — येईल त्याला हात पुढे करणार, बघा, सापडते का! रक्तदाबाचं मशीन लावलं की मशीन बिचारं फुगायचं, बसायचं, फुगायचं आणि गप्प व्हायचं. माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या बायकांना सांगायचे, ही जगभराच्या पायजम्यांना नाड्या घालते आणि घरच्या माणसाला नाडी नाही. मेल्या बायका हसायच्या. मी नाही हसले. पहिल्यांदा हसले असेन. एकदा उन्हातनं चालून आलो, बस स्टॉपवर हे जरा डोळे मिटून टेकले, तर एक भला माणूस धावत आला, मनगट धरलं, गळा चाचपला आणि पांढराफटक पडून मला म्हणतो, ताई, धीर धरा, गेले हो. ह्यांनी एक डोळा उघडला आणि विचारलं, कोण गेलं? तो माणूसच पडायचा बाकी होता!

हसा, हसायला हरकत नाही.

मला त्रास व्हायचा तो रात्रीचा. मी आपली छातीवर डोकं ठेवून झोपणारी, लग्न झाल्यापासून. आणि आता कान लावला की आत घूं — लांब कुठेतरी वरच्या मजल्यावर लिफ्टची मोटर चालू असावी तसं. मी उशी उलट्या बाजूला घेतली. लेक म्हणाली, आई, असं काय, बाबांना वाईट वाटेल. वाईट वाटलंही असेल. मग पुन्हा उशी फिरवली. होते सवय. घूं नसेल तर झोप येईना, इतकी झाली. आता? आता झोप लागते की. चांगली लागते, आडवी झाले की सकाळ. लेकीला वाटतं मी औषध घेते. नाही घेत.

दीड वर्ष मिळालं हो, खोटं का बोलू. ती नवीन उंच इमारत झालीय ना, तिथे मला घेऊन गेले, लिफ्ट दाखवायला. इमारत नाही, लिफ्ट. आत शिरल्यावर खिशातून नाणं काढलं, खाली वाकले — वाकताना बॅटऱ्या सावरत — आणि नाणं कडेवर उभं केलं. म्हणाले, बघ हं. लिफ्ट निघाली, माझ्या कानात दडे बसले, आकडे भराभर पळतायत, आणि नाणं उभंच. आत आठ-दहा माणसं, सगळी श्वास रोखून खाली बघतायत. अगदी वर पोचलो तरी उभं! लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे असे लाजले की जणू लिफ्ट ह्यांनीच ओढून वर आणली. वरून सगळं शहर दिसत होतं म्हणे, लोक फोटो काढत होते. आम्ही काही पाहिलं नाही. हे म्हणाले, चल, उतरताना पुन्हा बघू.

त्या दिवशी? त्या दिवशी काय, जेवण झालं होतं. हे तिथे, तुम्ही बसलाय तिथेच. मी इकडे एका पँटची चेन बदलत होते आणि बोलत होते — मी बोलते खूप, ते तुम्हाला कळलंच असेल. नळ गळतोय, लेक रविवारी येते म्हणाली, जुनं शिलाई मशीन विकून टाकू या का. हे गप्प. जेवल्यावर गप्पच असायचे, त्यात काय. कमरेच्या डबीकडे पाहिलं, हिरवा दिवा. हिरवा म्हणजे सगळं ठीक, असंच शिकवलं होतं आम्हाला. मी चेन पुरी केली, इस्त्री फिरवली. चहा टाकू का विचारलं — चहाला हे नुसतं बोट वर करायचे. बोट वर झालं नाही. तरी मी चहा टाकला. दोन कप केले, एक ह्यांच्यापुढे ठेवला, माझा पिऊन झाला. मग पाहिलं, त्यांच्या चहावर साय धरलीय. तोंड एका बाजूला ओढलेलं, श्वास घोरल्यासारखा. दिवा हिरवाच.

अँब्युलन्सवाले दोघे आले, एकानं मनगट धरलं, म्हणाला, बाई, नाडी लागत नाही. मी म्हटलं, लागणारच नाही, नाडी नसतेच त्यांना, पंप आहे, दिवा बघा, हिरवा आहे. तो छाती दाबायला लागला तर मी त्याचा हात धरला — दाबायची नसते छाती, आतलं सुटून येतं. तुमच्या कंपनीची सगळी शिकवण धडाधड आठवत होती मला. जिना उतरेपर्यंत तेच बोलत होते, ठीक आहेत ते, दिवा हिरवा आहे. डोक्यात रक्तस्राव झाला होता. रक्त पातळ करायची गोळी चालू असते ना, ती हवीच, नाहीतर पंपात गाठ होते. कुणाची चूक नाही. सर्जन स्वतः आले, फोटो दाखवला मेंदूचा, मला काय कळणार त्यातलं. म्हणाले, पंप अगदी व्यवस्थित चालतोय, तो असाच चालत राहील. पण हे आता परत यायचे नाहीत. मी विचारलं, किती दिवस चालत राहील? तर म्हणाले, बंद करेपर्यंत.

डॉक्टरांनी नाही बंद केला. मघाशी म्हटलं मी तसं, पण नाही. मीच केला.

आमचं बोलणं झालं होतं, ऑपरेशनच्या आधी. तशी वेळ आली तर परक्या हातानं नको, तू कर. मी म्हटलं, मला नाही जमणार. तर म्हणाले, त्यात काय, लिफ्टचा मेन स्विच पाडताना आम्ही करतो तेच करायचं. आधी शाफ्टमध्ये तोंड घालून मोठ्यानं ओरडायचं, आत कोणी आहे का? एकदा नाही, तीनदा. उत्तर नाही आलं तरच पाडायचा. कारण आत माणूस असला आणि तू स्विच पाडलास, तर तो अंधारात लटकणार. म्हणून मी लेकीला बाहेर पाठवलं. नर्सनं अलार्म आधीच गप्प केला होता. मी वाकले, कानाशी तोंड नेलं आणि ओरडले — अहो, आत आहात का? नर्स दचकली. अहो, आत आहात का? तिसऱ्यांदा तर बाहेरच्या लोकांनी आत डोकावलं. सर्जन भिंतीकडे तोंड करून उभे. मी थांबले. बरीच थांबले, कोणी घाई केली नाही. मग डबीची खिट्टी सरकवली, वायर ओढून काढली. छातीला कान लावला — काही नाही. घूं नाही. लेक आत येऊन गळ्यात पडली, रडली, तिच्या पाठीवरून हात फिरवत मी बघत काय होते, तर तिच्या कुर्त्याची खांद्याची शिवण उसवलीय. घरी येऊन तीच घातली आधी. अजून रडायला आलेलं नाही मला. येईल म्हणतात. कोणाला माहीत.

तुम्ही का डोळे पुसताय? तुमचं काम सामान न्यायचं. तो चार्जर घ्या, बॅटऱ्या घ्या, ती काळी पिशवी कंपनीची, तीही घ्या — अहो, ते कुठे घेता? ते जाकीट सामानातलं नाही. बॅटऱ्यांच्या पिशवीचा पट्टा काचायचा त्यांना, म्हणून मी शिवलंय ते, आतून मऊ कापड लावून. उजवा खिसा मुद्दाम खाली घेतलाय, त्यांचा तो खांदा उतरलेला होता, अवजारांची पेटी वाहून वाहून. — काय? दुसऱ्या कुणा पेशंटला उपयोगी पडेल? नाही पडायचं. त्याचा खांदा वेगळा असेल. द्या इकडे. द्या म्हणते ना. तुमचा जो कोणी पेशंट असेल त्याचं माप आणा, मी नवीन शिवून देईन, चांगलं देईन. हे नाही. — निघा आता. दार ओढून घ्या, कडी मी लावते.