धूप अडवायचा बंधारा

...न्हाई पन शाल कामून? शाल घातली, वर नारळ हातात दिला, त्या माइकवालीनं 'उदगीरची शान' म्हनून खुर्चीत बसवलं, आन् आता समद्याजनी मिळून म्हनायलात की गंगम्मा, ते धुपाचं परत सांगा की. काय परत सांगू? मोबाईलात बघितलंय ना? निम्म्या जिल्ह्यानं बघितलंय. भोकरहून भाचीनं फोन केला, 'मावशी तू फेमस झालीस,' आडत लाइनीतले हमाल मला बघितलं की इचारतेत, 'धूप लगी क्या अम्मा?' हसा, हसा. तिथं बी असंच हसले. पन खुर्चीत बसवलंच हाय तर पुरं सांगते बायांनो, मोबाईलात निम्मंच हाय.

तर आमची दामिनी, माझी नात, पुन्याला नोकरीला गेली आन् येताना कोकनातला नवरा घेऊन आली. मिहिर नाव. पोरगं गुनी हाय, फकस्त मासे खातंय. आपन लिंगायत मानसं, आमचे मालक तर ऐकल्याबरोबर दुकानात जाऊन पोत्यावर झोपले, घरातच येईनात, मग दामिनीनं जावयाला वरनभात खाताना मोबाईलवर दाखवलं तवा उठले. असू द्या, ते येगळंच. सांगायचं काय, औंदा उन्हाळ्यात ती म्हनली, अव्वा, चल माझ्या सासरी, समुद्र बघ. मी जन्मात समुद्र बघितला न्हवता. आपल्याकडं लई पानी म्हंजे दोन टँकर एकदम आले तर. गेले.

आन् तिची सासू उज्ज्वलाबाई, माझी बी विहीनच म्हना... अशी बाई मी बघितली न्हाई. मासळीची भांडी माझ्या नजरेआड ठेवली, माझ्यासाठी ताक केलं, समुद्राकडच्या खोलीत पलंग घातला, 'वारा चांगला येतो हो तिथे.' आन् मग म्हनली, 'गंगम्माबाई, उद्या गावात सभा आहे, घरात एकट्या कशाला बसता, चला आमच्यासोबत.' बघा, तिनंच नेलं मला. हात धरून नेलं.

मंडपात बोर्ड लावलेला. मी चौथी शिकलेली, बोर्ड दिसला की वाचल्याबिगर राहवत न्हाई, एस्टीत 'हात बाहेर काढू नये' वाचते आन् मगच काढते. तर बोर्डावर मोठ्या अक्षरात, 'धूप-प्रतिबंधक बंधारा'. धूप. आता मला सांगा, धूप म्हंजे काय? उदगीरात कुनाला बी इचारा. शेजारची खाला रोज ओरडती, 'धूप में मत बैठो गंगम्मा, चक्कर आएगी.' धूप म्हंजे ऊन. प्रतिबंधक म्हंजे अडवायचं, ते मला डासाच्या फवारनीमुळं ठाऊक. म्हंजे ऊन अडवायचा बंधारा, आन् खाली लिहिलेलं, शासनाचा निधी. मी वर बघितलं तं नारळाची सावली, खाली गार वाळू, आन् ह्यांना ऊन अडवायला सरकार पैसा द्यायलंय? आन् आमी काय पाप केलं, उदगीरच्या स्टँडवर डांबराला चप्पल चिकटती, आमाला कोन इचारतंय? असा राग आला मला.

तिकडं सभा तापलेली. बंधाऱ्याचे साहेब आलेले, गळ्यात कार्ड, कपाळाला घाम. लोक इचारायले, 'साहेब, दगड कधी पडणार?' साहेब नाकातून म्हनतेत, 'निधी मंजूर आहे, प्राप्त नाही.' लोक म्हनतेत, 'गेल्या साली पण हेच ऐकवलंत.' साहेब म्हनतेत, 'गेल्या साली प्रस्तावित होता, यंदा मंजूर आहे, ही प्रगतीच म्हणायची.' म्हंजे बघा, जेवन वाढलंय, फकस्त ताट न्हाई. तवा आमची विहीन उठली. चार मानसांत कवा बोलली नसल अशी बाई, पदराचं टोक मुठीत धरून उठली आन् म्हनली, 'साहेब, पावसाच्या आत दगड पडले नाहीत तर माझं घर राहत नाही. तारीख सांगा. तारीख सांगितल्याशिवाय आज आम्ही तुम्हाला सोडणार नाही.' साहेबाच्या गळ्यातलं कार्ड हलायलं. त्यानं त्वांड उघडलं... बायांनो, तो तारीख सांगनार होता. मी पुढंच बसले होते, त्याच्या ओठावर आलेली दिसली मला.

आन् मी उठले.

म्हनलं, 'साहेब, ऊन अडवायला बंधारा कशाला? छत्र्या वाटा की.'

हसा, हसा. तिथं बी असंच हसले. आधी कुनाला कळंना, मग मागं एकजन फिसकन हसला, मग दुसरा, मग समदा मंडप. दामिनीनं माझा पदर वढला, कानात म्हनली, 'अव्वा, धूप म्हंजे समुद्र जमीन खातो ते. बंधारा त्याला अडवायला. बस खाली.'

कळलं मला. न्हाई कसं कळनार, तिथंच कळलं. मोबाईलात हे न्हाई, म्हनून सांगायले. कळलं तवा खाली बसायचं होतं. पन तुमाला सांगते, मानसं हसायला लागली की माझं ध्यान सुटतंय, लगनात असू दे का मयतीत, एक झालं की दुसरं तोंडात तयारच. कंबरेवर हात ठेवून म्हनलं, 'न्हाईतर असं करा साहेब, हा बंधारा आमच्या उदगीरला पाठवा. धूप आमच्याकडं बी लई हाय, दगड बी लई हायेत, तुमी निस्ता निधी घेऊन या.'

झालं. बाप्ये मांड्या बडवून हसले. आन् समद्यात जास्ती कोन हसलं? साहेब. रुमालानं डोळे पुसतोय, घाम पुसतोय, हसतोय. पानी प्याला, चहा मागवला, माझ्यासंगं फोटो काढला, 'आजी, तुम्ही होतात म्हणून सभा खेळीमेळीत पार पडली' म्हनला आन् जीपमधी बसून गेला बी. ओठावर आलेली तारीख चहासंगं परत पोटात.

आन् विहीन? ती अजून हुबीच होती. मंडपात जिथं उठली तिथंच, पदराचं टोक मुठीत. कुनाचं ध्यान न्हाई तिच्याकडं. माझी नजर गेली तर ती बी हसली. तिला हसू आलं म्हनून न्हाई ओ... पाव्हनी हाय, तिचा मान राहावा म्हनून हसली.

दुसऱ्या दिशी सकाळी मला मागच्या दारात घेऊन गेली. वाटलं, आता दोन शिव्या देती, देऊ दे, पचवू. तर हात लांब करून समुद्राकडं दाखवायली, जसं आपन नव्या पाव्हन्याला घर दाखवतो ना, तसं. 'ती होडी दिसते का? तिथे आमची विहीर होती. गोड पाणी. अलीकडे गोठा. हे फेसाचं पांढरं दिसतं ना, तिथे मिहिर चालायला शिकला.' मी बघायली, बघायली, निस्तं पानी. मला बोलायचं सुचंना. मला. गंगम्माला. तिथंच पायरीवर बसले आन् पदर डोळ्याला लावला, तर ती मलाच म्हनती, 'अहो, वारा आहे, डोळ्यांत वाळू जाते.'

मग काय, पाऊस आला. दगड आले न्हाईत, साहेब बी न्हाई. दामिनीचा फोन आला, 'अव्वा, तू झोपली होतीस ती खोली गेली.' गेली म्हंजे? तर म्हनली, 'गेली म्हंजे गेली.' आन् त्याच दिशी तुमच्या मंडळाचा निरोप, गंगम्माचा सत्कार. हसा, हसा. ...आता कामून न्हाई हसत?

पुढं ऐका. काल साहेबाचा फोन. खरंच त्याचाच. 'आजी, त्याच किनाऱ्यावर शेजारच्या गावात सभा आहे, लोक फार तापलेत. तुम्ही दोन शब्द बोलाल का? गाडी पाठवतो.' म्हंजे मी आता सरकारी कामाला लागले बायांनो. समुद्र अडवायला दगड न्हाईत, लोकास्नी अडवायला मी हाय. बंधाराच की मी.

मी फोन ठेवला आन् विहिनीला लावला. म्हनलं, विहीनबाई, लई शरम वाटती, काय करू सांगा, जाऊ का नगं? फोनात मागं समुद्राचा आवाज, लई जवळ. मग म्हनली, 'या. स्वयंपाकघरात झोपू दोघी. पण सभेत ह्या वेळी माझ्या शेजारी बसायचं. आणि तो परत हसायला लागला ना, तर चावा त्याला.'

चावा म्हनती. आयुष्यात पहिल्यांदा विहिनीनं काम सांगितलं, न्हाई कसं म्हनू? येते म्हनलं. आन् फोन ठेवून आरशात त्वांड उघडलं... तुमी बी बघा, आऽऽ... दिसला का एक तरी? दात समदे झडले बायांनो. झडायची ती जीभ तेवढी शाबूत हाय.