चिमण्याची हाक

आमी हितलेच, चाकणच्या अंगाचे, बाप बैलं राखायचा, मी बी तेच करतो. आण्णांच्या गोठ्यावर वीस वर्सं झाली, त्यांची जमीन कंपनीत गेली, गोठा तेवढा कंपनीच्या भिंतीला लागून राहिला आन् शर्यतीची बैलं राहिली, शौक सुटत न्हाई ना राव. हलगी बापाकडनंच शिकलो. बैलं धुताना गुणगुणायचो, त्यातनंच चिमण्यावर गाणं झालं. चिमण्या आमचा शर्यतीचा बैल, वासरू असल्यापास्नं माझ्या हातचं खाल्लेला.

आता हाक म्हंजी काय ते सांगतो, न्हाईतर तुमाला कळायचं न्हाई. घाटात, म्हंजी शर्यतीच्या चढाच्या वाटेवर, गाडा सुटला की मी वरच्या टोकाला, निशाणाच्या पल्याड उभा राहून हाक देतो, लांबलचक, शेवटाला जीभ टाळ्याला वाजवून, आन् चिमण्या त्या आवाजावर सरळ माझ्याकडं येतो, इकडं न्हाई तिकडं न्हाई. ही हाक घाटाबाहेर चारचौघांत द्यायची न्हाई, दुसऱ्याच्या तोंडात जाऊ द्यायची न्हाई, बापानं बजावलेलं.

आण्णांनी हौसेनं मला चिंचवडला स्टुडिओत नेलं. तितला माणूस म्हणला, मधी जागा मोकळी वाटतीय, काय तरी टाका. काय सांगू तुमाला, कानाला ते मशीन, डोळं मिटलेलं, हलगी चढलेली, आन् मी हाक दिली. खरी हाक. खोटी एखादी देता आली असती की, पण माझाच आवाज मला ग्वाड लागला, तितंच माती खाल्ली मी.

गाणं चाललं, लई चाललं. रिक्षात तेच, शिफ्टच्या बसमधी तेच, लोकं हात मिळवायची, मी बी फुगलो. मग एक दिस रस्त्यानं टेम्पो गेला गाणं लावून, आन् चिमण्यानं दावं तोडलं. टेम्पोमागं पार चौकापत्तोर पळाला, एक मोटारसायकलवाला पडला, पायावर निभावलं त्याचं. मी स्टुडिओत फोन केला, तेवढी हाक काढा म्हणलं. त्यो म्हणतो, काका, आता लोकांच्या मोबाइलमधी गेलंय, कुणाकुणाचं काढू?

उद्या गावची यात्रा. गाडा सुटला की हेच गाणं वाजणार, आण्णांनी घाटाच्या दोन्ही अंगाला कर्णे बांधून घेतल्यात, जितं बायापोरं बसत्यात तितंच. सकाळी पाय धरलं त्यांचं.

"आण्णा, बैल माणसांत शिरंल."

"मग तू कशाला हायस?"

एवढंच बोलले आन् मांडव बघाया गेले.

आत्ता तुमी यायच्या आधी त्याला धूत होतो. भिंतीपल्याड बस थांबली, गाणं लागलं, त्यानं कान उभं केलं. मी म्होरं उभा राहून हाक दिली, दोनदा दिली. त्यानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, भिंतीकडंच बघत राहिला. मला लई भ्या वाटतंय. उद्या मी वर टोकाला न्हाई जायाचा, कर्ण्याखाली बायापोरांच्या म्होरं उभा राहणार. त्यो आला तर पयला माझ्यावर येऊ दे. देवा, बाकीच्यांना सुखरूप घरी ने.