‘पण’च्या पुढचं वाक्य

(सकाळचे नऊ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रचारपत्रकांचे गठ्ठे. आत्या पत्रकांच्या घड्या घालतेय. तिची भाची चिमी पर्स खांद्यावरून न उतरवता समोर उभी आहे.)

आत्या: वाचलं पत्र. चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय, म्हातारीची सोय म्हणून. आता ते परत घेऊन जा.

चिमी: पुरतं ऐकून तरी घे. रविवारी सकाळी चॅनलवर आठ मिनिटं देतायत तुला. आठ मिनिटं, आत्या. छोट्या पक्षांत आजवर कोणाला एवढी मिळालेली नाहीत.

आत्या: बोलायचं कशावर?

चिमी: तुझ्यावरच. एकतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स, आणि निवृत्त झाल्यावर निवडणूक. लोकांना आवडतं असं. कॅमेरा इथे घरीच येईल, तुझी बाग दाखवतील.

आत्या: दोन कुंड्या आहेत, त्यातली एक वाळलीय. आणि त्याबदल्यात मी तक्रार मागे घ्यायची.

चिमी: मागे घ्यायची असं नाही. ‘माझं समाधान झालं आहे’ एवढं लिहून द्यायचं.

आत्या: लिहायचंही काही ठेवलेलं नाही. माझं समाधान तुमच्या संपादकांनी टाइप करून पाठवलंय, खाली सहीला रेघ मारून. बस आता. वर बघून बघून मान अवघडली माझी. आणि रिकामी बसू नकोस, घड्या घाल. निशाणीची शिडी बाहेरच्या बाजूला आली पाहिजे.

चिमी: मला द्यायला सांगितलं म्हणून मी आणलं. तू माझी सख्खी आत्या आहेस हे त्यांना माहीत आहे. म्हणाले, तुम्ही समजावलंत तर ऐकतील.

आत्या: तू समजावलंस, मी ऐकलं. आता मी सांगते ते तू ऐक, कारण परवा टीव्हीवरच्या उमेदवारांच्या चर्चेला तू वर काचेच्या खोलीत होतीस आणि मी खाली सभागृहात. आम्हा पाच छोट्या पक्षांना पहिल्या रांगेत बसवलं. ते दोघे मोठे वर उजेडात, समोर पाण्याचे ग्लास. आम्ही खाली, लांबच्या नातेवाइकांसारखे, बोलावलं तर उठायचं. एकेकाला एक प्रश्न आणि उत्तराला पाऊण मिनिट, असं ठरलं होतं. सव्वा तास ते दोघे रस्त्यांवर आणि करांवर भांडले. प्रसूती वॉर्डाचं नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही. निघेल कसं? बंद करायचा कागद एकाच्या राज्यात निघाला, आणि दुसऱ्याच्या राज्यात तो कोणी फाडला नाही.

चिमी: हे मला पाठ आहे, आत्या.

आत्या: तुला पाठ आहे. ज्यांच्या घरी टीव्ही लागला होता त्यांना पाठ नाही. चार वर्षं झाली, दिवस भरलेल्या बाईला चाळीस किलोमीटर न्यावं लागतं. निवृत्त झाल्यावर मी दोन बाळंतपणं रस्त्याच्या कडेला केलीत, गाडीच्या दिव्यात. पहिली सुटली. दुसरीचं मूल हाती लागलं नाही. ती बाई अजून दिसली की मला नमस्कार करते, आणि मला कुठे बघावं ते कळत नाही. हे बोलायला मी तिथे गेले होते. शेवटी तुमचा निवेदक माझ्याकडे वळला आणि त्याने विचारलं, ‘पाय कसा आहे आता?’

चिमी: तो प्रश्न त्याला लिहून दिलेला नव्हता. त्याच्या मनाचा होता.

आत्या: म्हणजे मनातही तेवढंच होतं. बरोबरच आहे. तीन आठवड्यांत माझी एकच बातमी झाली, पोस्टर लावताना शिडीवरून पडले ती. निशाणी शिडी आणि उमेदवार शिडीखाली. तीन वेळा दाखवलीत. एकदा तर संथ गतीने.

चिमी: संथ गती माझी नव्हती. आणि खरं सांगू? कोणी कट केलेला नाही तुझ्याविरुद्ध. मी रोज त्या खोलीत बसते ना. सात पक्ष, दीड तास. संपादकसाहेब म्हणतात, गेल्या वेळी ज्यांना दोन टक्के मतं पडली त्यांना किती वेळ द्यायचा? लोक चॅनल बदलतात. वाईट मनाने नाही म्हणत ते. त्यांना खरंच तसं वाटतं.

आत्या: कट असता तर मला बरं वाटलं असतं. कट करायचा म्हणजे निदान चार माणसांना बसून माझा विचार करावा लागतो. इथे दोन टक्के आहेत म्हणून दाखवत नाहीत, आणि दाखवत नाहीत म्हणून दोनाचे तीन होत नाहीत. आणि तुमच्या साहेबांना वाटतं आपण फक्त मोजमाप करतोय.

घड्याळवाले: येऊ का आत? दार उघडंच होतं, सिस्टर.

आत्या: या. हे आमचे सचिव, चिमे. बाजारात घड्याळं दुरुस्त करतात. पक्षाचं सगळं लिहिणं-वाचणं यांच्याकडे. घड्याळवाले, ही माझी भाची. चॅनलमध्ये असते.

घड्याळवाले: नमस्कार. मग जरा अवघड झालं. मी चॅनलचंच उत्तर घेऊन आलोय, प्रसारण समितीच्या कचेरीतून.

आत्या: तिच्यासमोरच वाचा. तीही त्यांचंच घेऊन आलीय.

घड्याळवाले: आपली तक्रार अशी होती की, सिस्टर बोलत असताना त्यांचं बोलणं मध्येच तोडलं. मी स्वतः घरी टीव्हीसमोर होतो. सिस्टर म्हणाल्या, ‘पाय बरा आहे. पण’. आणि ‘पण’च्या पुढे गादीची जाहिरात लागली. माझी बायको म्हणाली, यांना एवढंच सांगायचं होतं का? चॅनल म्हणतं, तांत्रिक अडचणीमुळे ठरल्यापेक्षा आधी जाहिराती सुरू झाल्या, हेतू काही नव्हता. आणि जाहिरातींच्या वेळात सभागृहाचं चित्रीकरण होत नसल्यामुळे पुढच्या संभाषणाची नोंद उपलब्ध नाही.

चिमी: असं लिहिलंय? नोंद नाही असं?

घड्याळवाले: सही-शिक्क्यानिशी. आज बारापर्यंत आपल्याला पुरावा द्यायचाय. नाहीतर तक्रार निकालात.

आत्या: जाऊ दे निकालात. सभागृहात दोनशे माणसं होती. माइक गेला तेव्हा मला वाटलं, बरंच झालं. वॉर्डात काय माइक लावून ओरडत होते मी? सरळ त्या दोघांना विचारलं, बंद करायच्या कागदावर सही कोणाची? निवेदक म्हणाला, बाई, आपण आता ब्रेकमध्ये आहोत. मी म्हटलं, तुम्ही असाल, मी नाहीये. आणि उभीच राहिले. तेव्हा तो उजवीकडचा पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘सही माझी. पण यांनी चार वर्षांत फाइल उघडली का विचारा. दोघांचं ठरलंच होतं तसं.’ दुसरा म्हणाला, ‘अहो, हे इथे कशाला?’ दोघांनाही वाटलं, आता कोणी बघत नाहीये. मग जाहिराती संपल्या आणि पुन्हा रस्ते सुरू झाले.

घड्याळवाले: दोनशेपैकी लिहून द्यायला नऊ जण तयार झाले, सिस्टर. नऊच्या नऊ आपले कार्यकर्ते. समिती म्हणेल, घरचेच साक्षीदार.

चिमी: तांत्रिक अडचण नव्हती ती.

आत्या: ते आम्हालाही कळतं गं.

चिमी: नाही, तुला कळत नाहीये. कुठला कॅमेरा कधी दाखवायचा, जाहिरात कधी सोडायची, ती बटणं माझ्यासमोर असतात. साहेब मागे उभे होते. तू ‘पण’ म्हणालीस आणि ते म्हणाले, ब्रेकवर जा. मी हात ठेवला आणि थांबले. ते पुन्हा म्हणाले, ऐकू येत नाही का? मग मी दाबलं. गादी मी लावली, आत्या.

घड्याळवाले: मी बाहेर थांबतो जरा.

आत्या: थांबा हो, बसा. किती वेळ थांबलीस तू?

चिमी: दोन श्वास. तीन असतील. परवापासून तेच आठवतंय. आणि आज सकाळी त्यांनी पत्र हातात दिलं तर तेही घेऊन आले. तुझ्या मांडीवर वाढले मी.

आत्या: रडायचं असेल तर रड, पण पत्रकांवर नको, शाई पसरते. मी तुला एक सांगते. घड्याळवाले, तुम्हालाही हे माहीत नाही. वॉर्ड बंद झाला त्या दिवशी सुपरिंटेंडंटांनी निरोप पाठवला, किल्ली आणून द्या. किल्ली माझ्याकडे असायची. आत तीन बाया होत्या, त्यांना गाडीत बसवून दिलं, चादरी मोजल्या, खिडक्या लावल्या, कुलूप लावलं, आणि जिना चढून किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी एक शब्द बोलले नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, म्हटलं कशाला. लोकांना वाटतं मी रस्त्यावरच्या त्या मुलासाठी उभी राहिले. मी उभी राहिले ती त्या किल्लीसाठी.

घड्याळवाले: हे तुम्ही सभेत कधी बोलला नाहीत, सिस्टर.

आत्या: आज संध्याकाळी बोलणार आहे. तेव्हा चिमे, बटण दाबलंस म्हणून मी तुला काही म्हणणार नाही. मला तो अधिकार नाही. पण त्या समाधानाच्या पत्रावर मी सही करणार नाही, आणि माझ्या कुंड्या कोणाला दाखवणार नाही. मला आठ मिनिटं नकोत. माझं जे पाऊण मिनिट होतं तेच हवं.

चिमी: काका, उत्तरात नेमकं काय लिहिलंय? चित्रीकरण होत नाही असं?

घड्याळवाले: ‘जाहिरातींच्या वेळात चित्रीकरण होत नसल्यामुळे.’

चिमी: खोटं आहे ते. जाहिराती लागल्या तरी कॅमेरे बंद होत नाहीत. सातही चालू असतात, सगळं साठवलं जातं. मंचावर दोन वेगळे माइक असतात, ते तर कधीच बंद करत नाहीत. तो काय बोलला ते मी तिथे बसून ऐकलंय. साठ दिवस ठेवायचा नियम आहे, पुसायचं म्हटलं तरी तिघांच्या सह्या लागतात.

घड्याळवाले: समिती ते मागवू शकते. फक्त, ते आहे असं आतल्या कोणीतरी...

आत्या: घड्याळवाले. हिला काही विचारायचं नाही. हिचं घर त्या पगारावर चालतं. पक्ष माझा आहे, हिचा नाही.

चिमी: मी तर मतही तुला देणार नव्हते.

आत्या: काय?

चिमी: तुझं ते करांचं धोरण मला पटत नाही. आधीच सांगणार होते. मी तुझ्यासाठी करत नाहीये काही. ते ‘होत नसल्यामुळे’ लिहिलंय ना, ते माझं काम आहे. मी रोज आठ तास जे करते ते होतच नाही असं लिहिलंय त्यांनी. काका, कोरा कागद आहे का?

घड्याळवाले: आहे. पण घाई नाही, पावणेदहाच झालेत. बारापर्यंत वेळ आहे. घरी विचारून या हवं तर.

चिमी: घरी विचारलं की मी दोन श्वास थांबेन, आणि मग काय होतं ते आत्ताच सांगितलं मी. पेन द्या.

आत्या: चिमे, नीट बघ. उद्या तिथे कोणी तुझ्याशी बोलणार नाही. ते काढून टाकतील किंवा नुसतं बसवून ठेवतील. मी निवडून येणार नाही हेही धरून चाल. दोनाचे तीन झाले तरी पुष्कळ.

चिमी: माहीत आहे. जागा कर जरा, कोपर टेकत नाहीये.

आत्या: घ्या, उचला हो ते गठ्ठे. खाली ठेवा.

चिमी: ‘मी खाली सही करणारी’, असं सुरू करतात ना?

घड्याळवाले: हो. आधी पूर्ण नाव, मग हुद्दा.

चिमी: हुद्दा काय लिहू? हे पोचेपर्यंत राहील का तो?

आत्या: आहे तो लिही. आजची तारीख आहे ना वर.