अठ्ठेचाळीस नंबरचं टोपण

पेनं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात निवृत्त मास्तर आपल्या पाळीची वाट बघत होते. त्यांच्या पुढे बहीणभाऊ उभे होते. कारागिराच्या डोळ्याला भिंग होतं.

“बाबा गेल्यावर हे पेन त्यांच्या कपाटात सापडलं. अस्सल आहे का हो?” भावाने विचारलं.

“पेन अस्सल आहे, निब सोन्याची. पण टोपण याचं नाही.”

“म्हणजे नकली?”

“तेही अस्सलच. पण पेनावर सत्तेचाळीस नंबर आहे, टोपणावर अठ्ठेचाळीस.”

“ताई, काकांनी आणि बाबांनी एकदमच घेतली होती ना?”

“हो. घराच्या वाटणीच्या कागदांवर याच पेनांनी सह्या केल्या. पुन्हा एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.”

“तेव्हाच रागाच्या भरात टोपणांची अदलाबदल झाली असणार. आणि नऊ वर्षं दोघांनाही पत्ता नाही.”

“तसं नाही हो,” कारागीर म्हणाला. “रोज लिहिणाऱ्याच्या हाताला कळतंच. याला जोडीचं टोपण शोधू का?”

“नको, ते कुठे आहे ते ठाऊक आहे. ताई, फोन लाव.”

“आणि नऊ वर्षांनी बोलू काय?”

“सांग, काका, तुमचं टोपण आमच्याकडे राहिलंय. घेऊन येतो.”

कारागिराने मास्तरांना पुढे बोलावलं.

“राहू द्या,” मास्तर हळूच म्हणाले, “त्यांचा फोन लागू द्या आधी.”